ऑफिसच्या मंडळींबरोबर पणजीत दुपारचे जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत पाटोवरच्या ऑफिसात मी बारा वर्षे काम करतो आहे. सावंतवाडीहून आलो तेव्हा जेवायला कुठे जायचे, काय मागवायचे, पैसे कोणी द्यायचे यातले काही कळत नव्हते. पुढे बेत ठरवायचे काम माझ्याकडेच आले आणि नवे लोक मलाच विचारू लागले. ज्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा द्यावी लागली ते इथे एकत्र केले आहेत. पैशांमुळे किंवा पथ्यामुळे कोणी मागे राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

१. आमचे ऑफिस पाटोवर आहे आणि हातात जेमतेम तास आहे. कुठे जायचे?

चालत. दुपारी एकला गाडी काढली की १८ जून रस्त्यावर पार्किंग शोधण्यातच पंधरा-वीस मिनिटे जातात. कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या बाजूने ओरें खाडी ओलांडली की मळा आणि फोंताइन्हासचा भाग लागतो आणि तिथून ३१ जानेवारी रस्ता जवळच आहे. त्या रस्त्यावरचे आनंदाश्रम मासळीच्या साध्या जेवणासाठी जुन्या पणजीकरांना ठाऊक आहे. १८ जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकची फिश थाळी प्रसिद्ध आहे, म्हणूनच तिथे गर्दीही असते. शाकाहारी मंडळी जास्त असतील तर कॅफे भोसले किंवा कॅफे टाटो. तिथे पातळ भाजी, पाव आणि मिरची एवढ्यावरही पोट भरते आणि अर्ध्या तासात परत येता येते.

तासाभरात जाऊन-येऊन होईल अशी जागा आणि सावकाश बसण्याची जागा, या दोन याद्या वेगळ्या ठेवा. मिरामारच्या किनाऱ्याकडचा बेत निरोपाच्या जेवणासाठी राखून ठेवावा. रोजच्या मधल्या सुट्टीत तो जमत नाही.

२. किती वाजता निघावे? टेबल आधी राखता येते का?

साडेबाराला निघालात तर बसायला मिळते. सव्वा एकला पोचलात तर दारात उभे राहावे लागते, कारण सरकारी कचेऱ्या, बँका आणि दुकाने यांची सुट्टी त्याच सुमाराला असते. थाळीच्या जागी चार-पाच जणांसाठी टेबल सहसा राखून ठेवत नाहीत. आठ-दहा जण असाल तर सकाळी फोन करून विचारा, काही ठिकाणी टेबले जोडून देतात. तीननंतर पोचलात तर चांगली मासळी संपलेली असते आणि स्वयंपाकघर आवरायला घेतलेले असते.

काही दिवस टाळलेले बरे. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू असताना गावात पाहुणे भरलेले असतात. ८ डिसेंबरला पणजी चर्चचे फेस्त असते, त्या दिवसांत चर्च चौकाच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. कार्निव्हालच्या शनिवारी रस्तेच बंद असतात. रविवारी काम असेल तर जागा उघडी आहे का हे आधी विचारा, बऱ्याच जुन्या जागा त्या दिवशी बंद असतात.

३. फिश थाळीत नेमके काय काय येते? मी पुण्याहून आलो आहे.

शीत, म्हणजे भात, हा थाळीचा पाया. त्यावर हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची माशाची कडी. बांगड्याचे हुमण असेल तर त्यात तिरफळे असतात. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. तिरफळाचा वास पहिल्यांदा विचित्र वाटतो, आठवडाभरात त्याच्याशिवाय बांगडा ओळखीचा वाटेनासा होतो.

शेजारी तळलेल्या माशाचा एक तुकडा असतो, बहुतेकदा रव्यात घोळलेला. किसमूर म्हणजे सुकी सुंगटे (कोळंबी) भाजून, खोबरे आणि कांदा घालून केलेले कुरकुरीत तोंडीलावणे. तिसऱ्यांचे सुके असले तर नशीब समजा. शिवाय एखादी भाजी, लोणचे आणि सोलकढी. सोलकढी कुठे नारळाच्या दुधाची पांढरट-गुलाबी असते, तर कुठे नुसत्या सोलांची पातळ आणि लाल. दोन्ही गोव्याच्याच.

माशांची नावे इथे वेगळी आहेत. तुमची सुरमई म्हणजे आमची इसवण. कोळंबीला सुंगटे म्हणतात. चणाक, तांबसो, मुडदोशी, शेवटो ही नावे वेटर भराभर म्हणून दाखवतो. कळले नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. काटे काढायची सवय नसेल तर इसवण मागवा. मुडदोशी चवीला फार चांगली, पण घाईत खायचा मासा नव्हे.

भात आणि कडी बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. मासा मात्र एकदाच मिळतो, वेगळा मागवला तर त्याचे वेगळे पैसे पडतात (प्रश्न ११ पाहा).

४. वेटरने "उकडें काय सुरय?" असे विचारले. म्हणजे काय?

भात कोणता हवा ते विचारतो आहे. उकडें म्हणजे उकड्या तांदळाचा, जाड, लालसर दाण्याचा भात. सुरय म्हणजे नेहमीचा पांढरा. हुमणाबरोबर उकडाच घ्या, कडी त्यातच मुरते.

५. कोकणी येत नाही. मराठीत बोलले तर चालते का?

चालते. पणजीत मराठी बहुतेकांना कळते आणि बरेच वेटर स्वतः सिंधुदुर्ग किंवा कारवारकडचे असतात. तरी चार वाक्ये शिकून घ्या. "आनीक इल्लें शीत दियात" म्हणजे आणखी थोडा भात वाढा. "हांव नुस्तें खायना" म्हणजे मी मासे खात नाही. बिलासाठी "बिल हाडात". जाताना "देव बरें करूं", म्हणजे धन्यवाद, म्हणा. वयस्कर वेटरला "बाब" म्हणावे, बाई वाढत असतील तर "बाय". चुटकी वाजवून किंवा "ए" म्हणून बोलावणे इथे फार खटकते, आणि ते योग्यच आहे.

६. जून-जुलैत मासे मिळतात का? बंदी असते ना?

बंदी यांत्रिक बोटींवर असते, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला असतो. नदीत आणि खाडीत होड्यांनी होणारी मासेमारी चालू राहते. त्यामुळे शेवटो, काळुंदर, तिसऱ्या, खुबे असे काहीबाही मिळते, तेही महाग. इसवण किंवा पापलेट ताटात दिसली तर ती शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली असणार. ती वाईट असते असे नाही, पण ताज्याचा भाव द्यायचे कारण नाही. "आजची आहे का?" असे सरळ विचारा. नेहमीची जागा असेल तर वेटर खरे सांगतो.

या दोन महिन्यांत मी स्वतः सुक्या मासळीकडे वळतो. पावसाळ्याच्या बेगमीसाठी गोव्यात पुरुमेंत भरतात. सुके बांगडे, सुकी सुंगटे, आमसुले त्यातलीच. पाऊस कोसळत असताना गरम पेज आणि भाजलेला सुका बांगडा मिळणारी छोटी खानावळ सापडली, तर तिला धरून ठेवा.

७. जेवणाचा वार कसा ठरवायचा? कोणाचा तरी उपास असतोच.

सर्वांत जास्त वाद मी या प्रश्नावर पाहिले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

गोव्यात बरेच हिंदू सोमवारी मासे खात नाहीत, काही जण गुरुवारीही. संकष्टी, एकादशी वेगळ्या. श्रावणात तर अर्धे ऑफिस शिवराक, म्हणजे शाकाहारी, होते, आणि काही घरांत चवथीचे गणपती पोचवेपर्यंत मासळी येत नाही. बोटी १ ऑगस्टला समुद्रात जायला मोकळ्या होतात आणि त्याच सुमाराला श्रावण येतो, म्हणजे मासळी आली तरी खाणारे कमी.

ख्रिस्ती सहकाऱ्यांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत असतो. त्या काळात शुक्रवारी अनेक जण मांस खात नाहीत, मासे मात्र चालतात. रमजानमध्ये मुस्लिम सहकारी दिवसभर पाणीही घेत नाहीत. त्या महिन्यात ऑफिसचे मोठे जेवण ठेवूच नये. ठेवायचेच झाले तर संध्याकाळी, सूर्यास्तानंतर.

एवढे सगळे बघितल्यावर बुधवार उरतो. आमच्याकडे ठरवून होणारे जेवण बुधवारीच असते. एखाद्याचा उपास बुधवारी आला तर त्याला आधी विचारून दिवस बदलतो. "तू नुसती कॉफी घे" असे म्हणत नाही. ताटे भरलेली असताना समोर कॉफीचा कप धरून बसणे किती अवघड असते, हे मी चतुर्थीच्या एका दुपारी अनुभवले आहे.

८. आमच्यात दोघे पूर्ण शाकाहारी आहेत. मासळीच्या हॉटेलात त्यांना नेता येईल का?

येईल, पण आधी त्यांना विचारा. काहींना वासाचा त्रास होतो, काहींना एकाच स्वयंपाकघरातले चालत नाही. त्यांनी हो म्हटले तर "शिवराक थाळी" मागवा. चांगल्या जागी त्यात अळसांद्यांचे तोंडाक (चवळीची आमटी), एखादी भाजी, वरण आणि सोलकढी येते. खतखते (मिश्र भाज्यांचे) किंवा मुगागाठी (मुगांची) मिळाल्या तर मासे खाणारेही त्या ताटाकडे बघत राहतात.

विचारून घ्यायच्या गोष्टी दोन. भाजीत सुकी सुंगटे घातली आहेत का? गोव्यात भाज्यांत सुंगटे घालायची पद्धत जुनी आहे आणि ती पटकन दिसत नाहीत. दुसरे, तळण एकाच तेलात होते का? "हें शिवराक मू?" (हे शाकाहारी आहे ना?) एवढे विचारले की वेटर आत जाऊन खात्री करून येतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन सहकाऱ्यांसाठी थाळीची जागा जमत नाही. त्यांच्यासाठी शुद्ध शाकाहारी उपाहारगृहच निवडावे, आणि सगळ्यांनी तिथे जावे.

९. ख्रिस्ती पद्धतीच्या हॉटेलात जायचे आहे. बीफ आणि डुकराचे मांस कशात असते?

हे माहीत नसल्याने चुका होतात, आणि नंतर वाईट वाटणारा माणूस तुमच्या शेजारी बसलेला असतो. चोरीस म्हणजे गोव्याचे सॉसेज, ते डुकराचे. सोरपोतेल डुकराचे. विंदालू परंपरेने डुकराचेच, पण हल्ली चिकनचेही मिळते, म्हणून विचारून घ्यावे. फेजुआद हे नाव ऐकून आणि वाटी बघून राजमा वाटतो, पण त्यात बहुधा चोरीस असते. क्रोकेत आणि चामुसे बहुतेक ठिकाणी बीफची. पुलाव दिसायला साधा असला तरी मांसाच्या रसात शिजवलेला किंवा वर चोरीस पेरलेला असू शकतो.

शाकुती आणि काफ्रेआल चिकनच्या घेता येतात. हिरव्या मसाल्याच्या काफ्रेआलची मुळे आफ्रिकेतली, पोर्तुगीजांच्या मोझांबिकशी असलेल्या संबंधातून आलेली. रेशाद मसाला भरलेला बांगडा मासे खाणाऱ्या सगळ्यांना चालतो, मात्र त्या मसाल्यात विनेगर असते आणि गोव्यात ते पारंपरिकरीत्या माडाच्या सुरेपासून करतात. कोणाला त्याचे वावडे असेल तर आधी सांगा.

कोणी बीफ किंवा डुक्कर खात असेल तर त्यावर टेबलावर शेरे नकोत. ज्याचे त्याचे ताट.

१०. सहकाऱ्याला शिंपले, कोळंबी अशांची (शेलफिशची) ऍलर्जी आहे. थाळी चालेल का?

नुसते "तिसऱ्या नको" म्हणून भागत नाही. किसमुरात सुकी सुंगटे असतात, ती त्याच ताटात, भाताला लागून येतात. कडीत सुंगटे असू शकतात. तळणाचे तेल आणि तवा एकच असतो. ऍलर्जी तीव्र असेल तर मासळीच्या खानावळीत नेऊच नका. सौम्य असेल तर वाढण्यापूर्वी वेटरला "ऍलर्जी" हाच शब्द वापरून सांगा आणि किसमूर ताटात वाढूच नको म्हणा, नंतर काढून टाकणे उपयोगाचे नाही. शाकुतीत खसखस आणि खोबरे भाजून घालतात, ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनीही विचारावे.

११. मेनूत माशापुढे किंमत नसून "साइजप्रमाणे" लिहिले होते. किती पैसे होतील कसे कळणार?

विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि मासा तळून आल्यावर विचारून उपयोग नाही. मासा ताटलीत आणून दाखवायला सांगा, त्या माशाची किंमत आकड्यात विचारा, आणि ती टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू येईल अशी पुन्हा म्हणा.

मी हे एकदा केले नाही. सहा जणांत दोन चणाक मागवले, किंमत विचारायची राहिली आणि बिल आले ते आमच्या अंदाजाच्या दुप्पट. आम्ही वाटून दिले. आमच्यात एक प्रशिक्षणार्थी मुलगी होती, तिनेही मुकाट्याने तिचा वाटा दिला. पुढचे आठ दिवस ती जेवायला बाहेर आली नाही. कारण मला महिन्याने कळले. तेव्हापासून मोठा मासा मागवायचा तर आकडा आधी, हा आमच्याकडे नियम आहे.

१२. बिल कसे वाटायचे? सारखे की ज्याचे त्याने?

सगळ्यांनी साधारण सारखेच खाल्ले असेल तर सारखे. नसेल तर ज्याचे त्याने. उदाहरण घ्या. समजा पाच जण आहेत, चार माशांच्या थाळ्या प्रत्येकी ३०० रुपये, एक शिवराक १८० रुपये, आणि दोघांनी मिळून ४०० रुपयांचा जादा मासा घेतला. बेरीज १,७८०, त्यावर ५ टक्के जीएसटी ८९, एकूण १,८६९. सारखे वाटले तर प्रत्येकी सुमारे ३७४ रुपये, म्हणजे शिवराक खाणाऱ्याने जवळजवळ दुप्पट दिले. खरा हिशेब असा: शिवराकचे १८९, नुसत्या थाळीवाल्या दोघांचे प्रत्येकी ३१५, जादा मासा घेणाऱ्यांचे प्रत्येकी ५२५.

एकाने पूर्ण बिल भरावे आणि ऑफिसात पोचण्याआधी इतरांनी यूपीआयने पाठवावे. हिशेब करणाऱ्याने बिलाचा फोटो सगळ्यांना दिला की शंका राहत नाही. पैसे दोन दिवसांत आले नाहीत तर एकट्याला आठवण करा, गटात नाव घेऊन नको.

१३. बिलात जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज दोन्ही लावले आहेत. दोन्ही द्यावेच लागतात का?

जीएसटी हा कर आहे, तो द्यावा लागतो. साध्या रेस्टॉरंटला दर ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के असू शकतो. छोट्या खानावळी कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत) असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. बिलावर तसे लिहिलेले असूनही खाली कर जोडला असेल तर दाखवून द्या. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट असतो.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार तो आपोआप बिलात घालता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. नम्रपणे काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वेटरला खुशीने काही द्यायचे असेल तर रोख त्याच्या हातात द्या.

१४. बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त घेतले. तक्रार करू का?

बसून खाण्याच्या जागी हॉटेलांना छापील किमतीचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे. साधे पाणी मागा.

१५. जेवण कंपनीच्या खर्चाने आहे. बिल कसे घ्यावे?

कंपनीच्या नावाने आणि कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून, असे ऑर्डर देतानाच सांगा. छापलेले बिल बदलून घेताना वेळ जातो. मद्य घेतले तर त्याचे बिल वेगळे मागा, बहुतेक कंपन्या ते मंजूर करत नाहीत. जेवणावरच्या जीएसटीचे क्रेडिट कंपनीला सहसा मिळत नाही, त्यामुळे हिशेबनीस त्याबद्दल काही बोलला तर त्याच्यावर रागावू नका. बिलावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आहे ना, तेही पाहा.

१६. गोव्यात आहोत, मग जेवणाबरोबर एक बिअर किंवा उराक चालते का?

कामाच्या दिवशी दुपारी माझे उत्तर नाही असेच आहे. परत जाऊन काम करायचे असते आणि संध्याकाळी दुचाकीवरून म्हापसा, फोंडा किंवा बांद्यापर्यंत जायचे असते. कायद्याने मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

उराक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, उन्हाळ्यात काजूच्या हंगामात मिळते आणि चवीला इतकी हलकी लागते की किती घेतली ते कळत नाही. सुट्टीच्या दिवशी, बस किंवा टॅक्सीने येऊन घ्या. न पिणाऱ्याला "एक तर घे" असे कोणी म्हटले तर तिथे बसलेल्या वरिष्ठाने ते थांबवावे, ही जबाबदारी त्याचीच आहे.

१७. साहेबांनी "मी देतो" म्हटले. महागडे मागवू शकतो का?

ते काय मागवतात ते बघा आणि त्याच्या आसपास राहा. मोठा मासा त्यांनी सुचवला तरच. बढती, नवी गाडी, बाळाचे बारसे अशा निमित्ताने सहकारी पार्टी देतो तेव्हाही हेच. पार्टी मागून घ्यायची सवय मात्र मोडायला हवी. पहिल्या पगाराची पार्टी मागू नका, त्या पैशांचे घरी काही ठरलेले असते.

१८. मी डबा आणते. सगळे बाहेर जातात तेव्हा सोबत जाऊ का?

जा. थाळीच्या खानावळीत बाहेरचा डबा उघडू देत नाहीत, पण कॅफेत बसून एक बन आणि चहा घेता येतो. डबा परत येऊन चारला खा. उलट बाजूने, जेवण ठरवणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी सांगावे, म्हणजे घरच्या माणसाची सकाळची मेहनत वाया जात नाही. आमच्याकडे महिन्यातला एक बुधवार बाहेरचा आणि एक बुधवार डब्यांचा असतो. डब्यांच्या बुधवारी कोणाच्या तरी आईचे सुंगटांचे लोणचे येते आणि त्या दिवशी गैरहजेरी शून्य असते.

१९. महिनाअखेर आहे, परवडत नाही. काय सांगू?

"आज जमत नाही" एवढे पुरे. कारण द्यावे लागू नये. ठरवणाऱ्याने कारण विचारूही नये, आणि "मी देतो तुझे" असे सगळ्यांसमोर म्हणू नये. तुम्ही ठरवणारे असाल तर अंदाजे खर्च आधी लिहा. "बुधवारी, माणशी साधारण इतके" असे वाचले की प्रत्येकाला आपले आपण ठरवता येते. आणि २५ तारखेनंतर महागडी जागा ठरवू नका.

२०. मी नवीन आहे. सगळे गटाने जातात, मला कोणी बोलावत नाही. मीच विचारू का?

विचारा. बहुतेक वेळा मनात काही नसते. जुना गट सवयीने उठतो आणि "तो डबा आणत असेल" असे धरून चालतो. गटातल्या एकालाच सकाळी विचारा, "दुपारी कुठे जाता? मी येऊ?" अकराच्या सुमाराला विचारले तर उत्तम, तोवर जागा ठरलेली नसते. पहिल्या दिवशी तुमचे पथ्य आणि न चालणारे पदार्थ स्वतःहून सांगून टाका (प्रश्न ८ ते १०). आणि पाटोवर आमच्या बाजूला असाल तर बाहेर जेवायच्या बुधवारी साडेबाराला ग्रंथालयाच्या बाजूला या, आम्ही तिथूनच चालत निघतो.